घरगुती प्रिंटरची जोडणी : अक्षराचे ज्ञान कोणाकडे?

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाला प्रिंटर जोडणे ही आज घरोघरी घडणारी साधी गोष्ट आहे. पेटीतून यंत्र काढावे, विजेची आणि संगणकाची जोडणी करावी, संगणकाला त्या यंत्राची ओळख करून द्यावी आणि एक पान छापून पाहावे, एवढाच तिचा विस्तार. ते पान नीट उमटले तर ह्या व्यवहारामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु यंत्र मुकाट्याने बसून राहिले, ओळी पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या, अथवा मराठी मजकुराच्या जागी रोमन चिन्हांची निरर्थक रांग उमटली, म्हणजे ह्या साध्या व्यवहारात किती पूर्वसंकेत गृहीत धरलेले असतात ह्याची प्रथम जाणीव होते.

पान छापले जाण्यासाठी चार गोष्टी एकमेकींशी जुळाव्या लागतात. संगणकापासून प्रिंटरपर्यंत पोहोचण्याचा मार्ग, ही पहिली. त्या मार्गाने जाणाऱ्या आज्ञांचा अर्थ, म्हणजे संकेत, ही दुसरी. अक्षराचा दृश्य आकार, ही तिसरी. आणि कागदाचे माप, ही चौथी. ह्यांपैकी मार्ग आणि कागद ह्यांचा प्रश्न प्रामुख्याने यांत्रिक आहे. संकेत आणि आकार ह्यांचा प्रश्न मात्र भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे अशा स्वरूपाचा आहे. कारण त्याच्या मुळाशी एकच विचारणा आहे. ‘क’ ह्या अक्षराचा आकार कसा असतो हे ठाऊक कोणाला असावयाचे : प्रिंटरला, मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामला, की संगणकाच्या कार्यप्रणालीला?

गेल्या सुमारे पन्नास वर्षांत ह्या प्रश्नाची उत्तरे वारंवार बदलली. प्रत्येक उत्तराने प्रिंटर बसविण्याची एक निराळी रीत निर्माण केली आणि बिघाडाचा एक निराळा प्रकारही. रोमन लिपीच्या दृष्टीने हे बदल सोयीगैरसोयीचे होते. देवनागरीच्या दृष्टीने ते अस्तित्वाचे होते. अक्षराचे ज्ञान जोवर प्रिंटरच्या पोटात बंदिस्त होते तोवर मराठीला घरच्या कागदावर सहजासहजी जागा नव्हती. ते ज्ञान तेथून बाहेर आले तेव्हा ती मिळाली. परंतु मिळताना एक ऋणही मागे राहिले, आणि ते अद्याप फिटलेले नाही. ह्या स्थित्यंतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. दूरमुद्रकाचा वारसा

संगणकाचा प्रिंटर हा वंशपरंपरेने दूरमुद्रकाचा, म्हणजे टेलिप्रिंटरचा, वारस होय. १९६३ साली अमेरिकेत प्रसृत झालेल्या ‘आस्की’ संकेतप्रणालीत सात द्विमान अंकांच्या साहाय्याने १२८ संकेत निश्चित करण्यात आले. त्यांतील बहुतेक अक्षरांचे, अंकांचे व विरामचिन्हांचे आहेत. उरलेले यंत्राला उद्देशून दिलेल्या आज्ञांचे आहेत. ह्या आज्ञांपैकी दोन विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. तेरा क्रमांकाचा संकेत छपाईचा गाडा ओळीच्या आरंभी आणतो; दहा क्रमांकाचा संकेत कागद एक ओळ वर सरकवितो. एकच ओळ संपविण्यासाठी दोन संकेत का असावेत, ह्याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे : गाडा परत येणे आणि कागद सरकणे ह्या दूरमुद्रकात दोन पृथक् हालचाली होत्या, आणि पहिलीला एका अक्षराच्या छपाईहून अधिक वेळ लागत असे.

दूरमुद्रक मागे पडला, तरी ही दोन चिन्हे टिकली. परंतु त्यांच्या वापराविषयी पुढील प्रणालींचे एकमत झाले नाही. युनिक्स परंपरेतील संगणकांनी ओळ संपविण्यासाठी केवळ दहावा संकेत पुरेसा मानला. डॉस व त्यानंतरच्या विंडोज परंपरेने दोन्ही ठेवले. परिणामी युनिक्सचा मजकूर थेट प्रिंटरकडे धाडला असता कागद एक ओळ सरके, पण गाडा जेथल्या तेथेच राही, आणि प्रत्येक ओळ मागील ओळ जेथे संपली तेथून खाली सुरू होई. जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसणारा हा दोष एका पिढीतील संगणक-वापरकर्त्यांच्या परिचयाचा होता. ह्याउलट, ओळ संपताच कागद आपोआप सरकविण्याची कळ प्रिंटरमध्ये चालू असेल आणि संगणकही दोन्ही संकेत पाठवीत असेल, तर दर ओळीनंतर एक ओळ कोरी सुटे. दोन्ही प्रसंगी यंत्र निर्दोष असे. दोन पक्षांनी एकाच चिन्हाचा भिन्न अर्थ गृहीत धरलेला असे, इतकेच.

मार्गाचा प्रश्न सेंट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीच्या जोडणीने बराचसा सोडविला. १९७० साली ह्या कंपनीने आपला १०१ क्रमांकाचा प्रिंटर बाजारात आणला. त्याच्या ३६ टोकांच्या जोडणीत आठ तारा मजकुरासाठी राखलेल्या असून अन्य काही तारांवरून ‘अक्षर पाठविले’, ‘अक्षर पोहोचले’, ‘यंत्र कामात आहे’, ‘कागद संपला’ अशा मोजक्या सूचनांची देवाणघेवाण होई. ही जोडणी इतरांनी उचलली आणि ती अघोषित प्रमाण बनली. १९९४ साली तिला आय-ट्रिपल-ई १२८४ ह्या प्रमाणकाचे अधिष्ठान मिळून उभयपक्षी संभाषणाची रीतसर सोय झाली. तोपर्यंत प्रिंटर संगणकाला जे काही सांगू शके ते ह्या तीनचार सूचनांपलीकडे क्वचितच जाई. प्रिंटर कोणत्या जातीचा आहे हे संगणकाला कळण्याचा मार्गच नव्हता; ते माणसाने सांगावे लागे. प्रिंटर ‘बसविणे’ ह्या क्रियेचा मूळ अर्थ हाच होय.

३. प्रिंटरच्या पोटातील अक्षरे

१९८० साली एप्सन ह्या जपानी कंपनीचा एमएक्स-८० हा प्रिंटर आला. त्याच्या छपाईच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ सुया होत्या आणि तो सेकंदाला ८० अक्षरे उमटवीत असे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला तेव्हा त्याच्यासोबत स्वतःच्या नावाने विकलेला प्रिंटर हा एप्सननेच बनविलेला होता. त्यामुळे एप्सनची आज्ञावली घरगुती आणि छोट्या कचेऱ्यांतील छपाईची जणू बोलीभाषा झाली. ह्या आज्ञावलीत सत्ताविसाव्या, म्हणजे ‘एस्केप’ ह्या, संकेतामागून येणारे अक्षर छापावयाचे नसून पाळावयाचे असते. जाड ठसा, बारीक ठसा, अधोरेखा इत्यादी सर्व आज्ञा ह्याच रीतीने दिल्या जात.

ह्या व्यवस्थेत अक्षराचा आकार सर्वस्वी प्रिंटरच्या स्वाधीन होता. संगणक ६५ हा अंक पाठवी. त्या अंकाने ‘ए’ हे रोमन अक्षर सूचित होते आणि ते कोणत्या ठिपक्यांनी काढावयाचे, हे प्रिंटरमधील स्थायी स्मृतीत कोरलेले असे. अन्य युरोपीय भाषांची सोय कशी केलेली होती हे पाहिल्यास ह्या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट होते. एप्सनच्या प्रिंटरमध्ये बारीक कळांचा एक संच असे. त्या कळांच्या मांडणीनुसार अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडन इत्यादी देशांच्या वर्णसंचांपैकी एक निवडला जाई. संच बदलला की काही थोड्या संकेतांचे आकार बदलत. इंग्लंडचा संच निवडला तर अमेरिकन क्रमांकचिन्हाच्या जागी पौंडाचे चिन्ह उमटे. जर्मन संचात चौकटी कंसांच्या जागी दोन टिंबे असलेले स्वर उमटत. कळ चुकीच्या बाजूला असली म्हणजे हिशेबाच्या पानावर भलतेच चलन दिसे, आणि ते दुरुस्त करण्यासाठी संगणकाला हात लावून उपयोग नसे. प्रिंटर बंद करून कळ फिरवावी लागे.

संगणकाच्या बाजूस ह्या काळात प्रत्येक प्रोग्राम आपापला दुभाषी पदरी बाळगी. १९७८ चे वर्डस्टार असो वा १९८९ चे वर्डपरफेक्ट ५.१, त्या त्या प्रोग्रामला कोणता प्रिंटर जोडलेला आहे हे स्वतंत्रपणे सांगावे लागे. वर्डपरफेक्टच्या लोकप्रियतेचे एक कारण त्याच्याकडे शेकडो प्रिंटरांच्या आज्ञावल्यांची माहिती तयार होती, हे होय. ह्याचा व्यावहारिक परिणाम असा की एकाच संगणकावर लेखनाच्या प्रोग्राममधून पान उत्तम उमटे आणि हिशेबाच्या प्रोग्राममधून तेच यंत्र गोंधळ करी.

४. पानाची भाषा

१९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डचा लेझरजेट आणि १९८५ साली ॲपलचा लेझररायटर बाजारात आला. दोहोंच्या छपाईचा गाभा कॅननने बनविलेला, एकाच जातीचा होता. इंचाला ३०० ठिपके ही सूक्ष्मताही दोहोंत समान होती. भेद होता तो भाषेचा. लेझरजेटला पीसीएल ही आज्ञावली समजे. तिचा पिंड एप्सनच्या आज्ञावलीसारखाच, म्हणजे अक्षरांच्या प्रवाहात आज्ञा मिसळण्याचा होता. लेझररायटर पोस्टस्क्रिप्ट समजे. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की ह्यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या अडोबी कंपनीची ही भाषा म्हणजे वस्तुतः एक पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा होती. तिच्यात अक्षर हे ठिपक्यांचे ठरीव चित्र नसून वक्ररेषांचे वर्णन असते, आणि ते वर्णन मजकुरासोबत बाहेरून धाडता येते.

ह्या भेदाची किंमत स्मृतीच्या मापात मोजता येते. अमेरिकन मापाचे एक पान इंचाला ३०० ठिपके ह्या हिशेबाने पूर्ण भरावयाचे तर सुमारे ८४ लक्ष ठिपके, म्हणजे अंदाजे एक मेगाबाइट स्मृती लागते. पहिल्या लेझरजेटमध्ये १२८ किलोबाइट स्मृती होती. लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट. म्हणजे लेझरजेट हा स्वतःजवळच्या रोमन अक्षरांचे पान सुबकपणे छापी, परंतु सबंध पान चित्र म्हणून त्याच सूक्ष्मतेने छापणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. ज्या लिपीची अक्षरे प्रिंटरमध्ये नव्हती त्या लिपीला चित्र म्हणूनच छापले जाणे भाग होते, हे ध्यानात घेतले असता ह्या आकड्यांचे महत्त्व कळून येते.

दोन भाषा म्हटल्या की चुकीच्या श्रोत्याशी बोलण्याचा संभव आलाच. पोस्टस्क्रिप्टमधील पान पीसीएल जाणणाऱ्या प्रिंटरकडे गेले तर तो त्या प्रोग्रामलाच मजकूर समजून त्याची अक्षरशः प्रत काढी. टक्केवारीच्या आणि उद्गाराच्या चिन्हांनी सुरू होणारी अशी पानेच्या पाने बाहेर पडू लागली म्हणजे दुभाष्याची निवड चुकली असे जाणकार तात्काळ ओळखत. दुसरा प्रसिद्ध दोष कागदाचा. अमेरिकेतील ‘लेटर’ माप २१६ × २७९ मिलिमीटर, तर भारतासह बहुतेक जगात प्रचलित असलेले ए-४ माप २१० × २९७ मिलिमीटर. लेझरजेटवर ‘पीसी लोड लेटर’ अशी त्रोटक सूचना झळके. येथे ‘पीसी’ म्हणजे संगणक नव्हे, तर कागदाची पेटी. आणि ‘लेटर’ म्हणजे पत्र नव्हे, तर कागदाचे माप. पेटीत ए-४ कागद भरलेला असताना संगणकाने अमेरिकन माप गृहीत धरलेले असे, म्हणून यंत्र अडून बसे. आजही भारतात नव्याने बसविलेला प्रिंटर कागद असूनही कागद मागू लागला तर प्रथम हे माप तपासणे इष्ट ठरते.

५. दुभाषी कार्यप्रणालीच्या पदरी

१९९० साली आलेल्या विंडोज ३.० ने आणि तिच्या बरोबरीच्या प्रणालींनी दुभाष्याचे काम प्रोग्रामांकडून काढून कार्यप्रणालीकडे सोपविण्याची रीत रूढ केली. प्रिंटरची ओळख एकदा कार्यप्रणालीला करून दिली की सर्व प्रोग्रामांना ती लागू झाली. ‘ड्रायव्हर’ हा शब्द घरगुती व्यवहारात रुळला तो ह्याच काळात. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फाँट आले आणि पडद्यावरील अक्षर व कागदावरील अक्षर एकाच वर्णनातून निघू लागले. इकडे १९८८ मध्ये आलेल्या डेस्कजेटपासून शाईचे प्रिंटर क्रमाने स्वस्त होत घरात शिरले. १९९५ च्या विंडोजने जोडलेले यंत्र आपणहून ओळखण्याचा प्रयत्न केला आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या यूएसबी प्रमाणकाने जुन्या जाड केबलची जागा घेण्यास आरंभ केला.

ह्याच सुमारास स्वस्ताईच्या ओघात एक मूलगामी बदल झाला. संगणक पुरेसे वेगवान झाल्यामुळे पानातील प्रत्येक ठिपका संगणकानेच ठरवावा आणि प्रिंटरने तो केवळ उमटवावा, अशी यंत्रे निघू लागली. त्यांना अक्षर म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. यंत्र स्वस्त झाले; पण ते विशिष्ट कार्यप्रणालीच्या विशिष्ट आवृत्तीशी जखडले गेले. कार्यप्रणालीची पुढील आवृत्ती आली आणि उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर सुस्थितीतील प्रिंटरही निरुपयोगी ठरे. यंत्र झिजले म्हणून नव्हे, तर त्याचा दुभाषी उरला नाही म्हणून.

दुभाष्याची मालकी कोणाकडे असावी हा वाद त्यापूर्वीच एका निराळ्या क्षेत्रात उपस्थित झालेला होता. १९८० च्या आसपास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तेथील मंडळींनी अशी सुधारणा केली होती की कागद अडकताच छपाईची वाट पाहणाऱ्यांना सूचना जावी. नव्या यंत्राच्या प्रोग्रामचा मूळ मसुदा मिळाला नाही आणि ती सुधारणा करता आली नाही. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली घोषित केलेल्या मुक्त प्रणालीच्या चळवळीची पार्श्वभूमी सांगताना हा प्रसंग स्वतःच वारंवार कथन केला आहे. अडकलेल्या कागदासारख्या क्षुल्लक बाबीतून ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न कसा उद्भवतो, ह्याचा तो बोलका दाखला होय.

६. देवनागरीची अडचण आणि तिचे निराकरण

आता हाच इतिहास देवनागरीच्या बाजूने पाहावयाचा. नऊ सुयांच्या प्रिंटरमध्ये देवनागरीचा संच भरून ठेवला असता तर काम भागले नसते काय? भागले नसते, आणि त्याची कारणे लिपीच्या घडणीतच आहेत.

पहिले कारण क्रमाचे. ‘क्षि’ हे अक्षर उच्चारानुसारी क्रमाने संकेतबद्ध केले तर क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार असे चार संकेत होतात. परंतु कागदावर सर्वांत डावीकडे येतो तो शेवटला, म्हणजे इकार. आणि क व ष ह्यांचे स्वतंत्र आकार कोठेच दिसत नाहीत. जो प्रिंटर संकेत येताच तो उमटवून पुढे सरकतो, त्याला पुढे येणाऱ्या इकारासाठी मागे जागा राखणे शक्य नाही. टंकलेखनयंत्रावर ही अडचण टंकलेखकाने इकार आधी उमटवून सोडविली होती. तो सोडविणारा यंत्र नव्हे, माणूस होता.

दुसरे कारण उंचीचे. शिरोरेषेवरील मात्रा, रफार आणि अनुस्वार, मधला अक्षरांचा देह आणि खालचे उकार, असे देवनागरी ओळीचे तीन थर होतात. नऊ ठिपक्यांच्या उंचीत ते सुवाच्य बसत नाहीत. तिसरे कारण अर्थभेदाचे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, किंवा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ह्या जोड्यांत र आणि य हेच वर्ण एकत्र येतात, परंतु जोडाक्षराचे रूप भिन्न आणि त्यासोबत अर्थही भिन्न. मराठीतील हा भेद यंत्राने गाळला तर तो केवळ सौंदर्याचा दोष राहत नाही. तो भाषेचा दोष ठरतो.

म्हणून वाट निघाली ती प्रिंटरच्या अक्षरज्ञानाला वळसा घालून. एप्सनच्या आज्ञावलीत अक्षराऐवजी ठिपक्यांच्या उभ्या पट्ट्या पाठविण्याची सोय होती. मूळ एमएक्स-८० ला ती वेगळ्या रॉम-संचाने देता येई. १९८३ च्या एफएक्स-८० मध्ये ती अंगभूतच होती. आलेख व चित्रे ह्यांसाठी ठेवलेल्या ह्या मार्गाने देवनागरी ओळ दोनतीन फेऱ्यांत उमटविता येते. छपाई मंद होते, फीत लवकर झिजते. परंतु अक्षराचा आकार ठरविण्याचा अधिकार संगणकाकडे येतो.

ते ज्ञान संगणकात कसे ठेवावयाचे, ह्या प्रश्नाला भारतात दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर व्याकरणशुद्ध होते. आय. आय. टी. कानपूर येथे १९८० च्या दशकात झालेल्या कामातून ‘जिस्ट’ तंत्रज्ञान उदयास आले, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेत त्याचा विकास झाला. त्याचे रूप आयबीएम धाटणीच्या संगणकात बसवावयाच्या एका कार्डाचे होते. त्याच्या पायाशी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. तिला भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीत संकेत असतो तो वर्णाचा, आकाराचा नव्हे. आकार शोधणे हे नंतरचे आणि वेगळे काम मानलेले आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींना एकच संकेतमाला पुरेशी होते, ती ह्याच तत्त्वामुळे.

दुसरे उत्तर बाजारपेठेचे होते, आणि विंडोजच्या प्रसाराबरोबर तेच घरोघरी पोहोचले. त्यात रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट असत : येथे अर्धा क, तेथे काना, अन्यत्र रफार. संगणक हा मजकूर रोमन आहे अशाच समजुतीत असे. मराठी होती ती केवळ डोळ्यांपुरती. प्रत्येक उत्पादकाची तुकड्यांची मांडणी निराळी असल्यामुळे एका घरी लिहिलेला मजकूर दुसऱ्या घरी तो फाँट नसेल तर रोमन चिन्हांचा कचरा होऊन उमटे. कधी फाँट असूनही हेच घडे. कारण छपाई वेगाने व्हावी म्हणून ड्रायव्हर ट्रूटाइप फाँटऐवजी प्रिंटरमधील रोमन फाँट योजी. पडद्यावर शुद्ध मराठी आणि कागदावर अगम्य चिन्हे, ही विचित्र अवस्था ‘फाँट चित्ररूपाने छापा’ अशा अर्थाचा पर्याय निवडताच नाहीशी होई.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला होता. म्हणजे वर्ण आणि आकार ह्यांच्या विभक्तीचे तत्त्व तेथेही स्वीकारले गेले. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडचा आधार आणि ‘मंगल’ हा फाँट समाविष्ट झाल्यावर जोडाक्षरे घडविणे हे कार्यप्रणालीचे काम झाले. इकार मागे नेणे, रफार वर चढविणे, ‘ऱ्य’चे रूप निवडणे ही सर्व कामे आता प्रिंटरकडे काही जाण्यापूर्वीच उरकलेली असतात.

७. दुभाष्याची निवृत्ती

एकविसाव्या शतकात जोडणीचा मार्ग तारेवरून घरच्या जाळ्याकडे वळला. छपाईसाठी आखलेला आयपीपी हा संदेशसंकेत १९९९–२००० ह्या काळात प्रसिद्ध झाला. मायकेल स्वीट ह्यांनी आरंभिलेली ‘कप्स’ ही छपाईव्यवस्था ॲपलने २००२ साली आपल्या प्रणालीत अंतर्भूत केली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एअरप्रिंट आणले. २०१३ साली कॅनन, ह्यूलेट-पॅकार्ड, सॅमसंग आणि झेरॉक्स ह्यांनी मोप्रिया हा संघ स्थापला. ह्या सर्वांचे तत्त्व एकच : प्रिंटरने आपला परिचय, आपले गुण आणि आपल्याजवळचा कागद ह्यांची माहिती आपणहून द्यावी, आणि सर्वमान्य स्वरूपातील तयार पान स्वीकारावे. १९७० च्या जोडणीत जे माणसाला सांगावे लागे ते आता यंत्र स्वतः सांगते. विंडोजच्या छपाईव्यवस्थेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेल्या २०२१ च्या सुरक्षादोषाने, बाहेरून आलेले ड्रायव्हर प्रणालीत बसविण्याची जुनी रीत किती धोक्याची आहे हेही दाखवून दिले. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने उत्पादकांचे ड्रायव्हर विंडोजमधून वितरित करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याचा मनोदय जाहीर केला.

बिघाडाचे केंद्रही ह्यामुळे सरकले. आज संकेताचा किंवा आकाराचा दोष विरळ, मार्गाचा दोष नित्याचा. राउटर बंद करून चालू केला की प्रिंटरला जाळ्यावरील नवा पत्ता मिळतो. संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे असे सांगतो. प्रिंटरला कायम पत्ता नेमून देणे हा त्यावरील उपाय. अनेक घरगुती प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झची लहर ओळखतात. राउटर दुसऱ्या लहरीवरच चालत असेल तर त्यांना जाळेच दिसत नाही.

अशा वेळी उपाय कोणता, हे ठरविण्याची जुनी शिस्त मात्र अबाधित आहे. एप्सनच्या प्रिंटरवर कागद सरकविण्याची कळ दाबून धरून यंत्र चालू केले की ते संगणकाच्या साहाय्याविना स्वतःची परीक्षा म्हणून अक्षरे छापून दाखवी. आजच्या शाईच्या प्रिंटरवरील छिद्रचाचणी हे त्याच परीक्षेचे वंशज होय. ती छापली गेली नाही तर दोष यंत्रात, शाईत किंवा कागदात. छापली गेली तर दोष मार्गात, संकेतात किंवा आकारात. पान मुळीच येत नसेल तर मार्ग, पानावर आज्ञाच छापल्या जात असतील तर संकेत, ओळींची रचना ठीक असून अक्षरेच भलती असतील तर आकार, असा क्रम ठेवला म्हणजे ड्रायव्हर पुनःपुन्हा काढून बसविण्याचा आंधळा उद्योग टळतो.

८. उरलेले ऋण

प्रिंटरला अक्षर ठाऊक नसणे ही सर्व लिपींना समान पातळीवर आणणारी गोष्ट ठरली. आज दूरध्वनीवर लिहिलेले मराठी पत्र आणि इंग्रजी पत्र एकाच वाटेने, ठिपक्यांच्या किंवा तयार पानाच्या रूपाने, प्रिंटरकडे जाते. त्याला दोहोंत भेद दिसत नाही. १९८० च्या यंत्राने देवनागरीला जे नाकारले होते ते नव्या यंत्राने रोमनलाही दिलेले नाही.

परंतु मधल्या काळाचा हिशेब शिल्लक आहे. विंडोजच्या प्रसारापासून युनिकोड रुळेपर्यंतच्या काळात मराठीत जे संगणकावर लिहिले गेले, त्यातील पुष्कळसे दृश्य तुकड्यांच्या फाँटमध्ये लिहिले गेले. त्यात पुस्तके, नियतकालिके, प्रबंध आणि सरकारी कागदपत्रे सर्वच आले. त्यांची छापील पाने आज कोणालाही वाचता येतात. त्यांच्या मूळ फाइलींत मात्र यंत्राच्या लेखी मराठीचा एकही वर्ण नाही. १९९३ साली आलेल्या पीडीएफ स्वरूपाने फाँट पानासोबतच बांधून ठेवण्याची सोय केली आणि छपाईचा प्रश्न सोडविला. पण अशा पीडीएफमध्ये ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द शोधू गेले तर तो सापडत नाही, कारण शोधणाऱ्याने टंकिलेला वर्ण आणि फाइलीतील तुकडा ह्यांचा काही संबंध नसतो. डोळ्यांना दिसणारी मराठी आणि शोधता येणारी मराठी ह्यांची येथे फारकत झालेली आहे.

ह्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. परंतु ते फाँटागणिक निराळे, आणि इकाराचे स्थान, रफार व ‘ऱ्य’ ह्या ठिकाणी चुकण्याचा संभव अधिक. शब्दकोश, वारंवारतासूची अथवा भाषिक संग्रह अशा साहित्यावर उभारावयाचा असेल तर रूपांतरित मजकूर छापील पानाशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. कोणता मजकूर कोणत्या फाँटमध्ये लिहिलेला होता ही नोंद त्यासाठी सर्वांत आधी लागते, आणि ती लेखकांच्या, मुद्रकांच्या व ग्रंथालयांच्या जुन्या संगणकांवर अद्याप कोठे कोठे शिल्लक आहे. ते संगणक मोडीत निघण्यापूर्वी विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आपल्याकडील प्रबंधांपासून ह्या नोंदीला आरंभ करणे आवश्यक आहे.